जिभेची जखम, लिलावाचं काम : तोंडाच्या कॅन्सरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे लिहायला पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेतलीय. नाव, गाव, हॉस्पिटल यातलं काही येणार नाही. त्यांना इथे भाऊ म्हणतो, तसंही गावात सगळे तेच म्हणतात. मी डॉक्टर नाही. आमच्या भागातल्या कॅन्सर पेशंटांची कागदं लावून देणं, योजनेचं बघणं, सोबत कोणी नसेल तर हॉस्पिटलात बसणं, एवढंच मी करतो. त्यामुळे खाली जे मेडिकल आहे ते डॉक्टरांनी आमच्यासमोर सांगितलेलं नाहीतर रिपोर्टवर लिहिलेलं आहे.

भाऊ तेव्हा ४४ वर्षांचे. नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या पट्ट्यातल्या एका बाजार समितीत लिलाव पुकारायचं काम. ज्यांनी कांद्याचा लिलाव बघितलाय त्यांना माहितीय, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाईन लागलेली असते, पुकारणारा एकेका ट्रॉलीजवळ जातो, मागे व्यापाऱ्यांचा घोळका, हा भाव वर वर नेत बोलत राहतो आणि शेवटची बोली लागली की पुढची ट्रॉली. उन्हाळ कांदा जोरात असला की सकाळी सुरू झालेलं तोंड दुपारपर्यंत बंद होत नाही. भाऊंचा आवाज तीन लाईन पलीकडे ऐकू यायचा. थोडी शेती, बायको, बारावी सायन्सला असलेली मुलगी, लहान मुलगा आणि धाकटा भाऊ, असं घर.

तंबाखू विशीच्या आधीपासून. चुना लावून मळायची आणि उजव्या गालात बार भरायचा, दिवसातून कितीदा ते त्यांनी कधी मोजलं नाही. दारू जवळपास नाही. गुटखा नाही, आणि हे ते अभिमानाने सांगायचे, जसं काही गुटखा नाही म्हणजे झालं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण मळून खायची तंबाखू दुकानात राजरोस मिळते. त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच लोकांच्या डोक्यात बसलंय की वाईट तो गुटखा, तंबाखू आपली साधी.

अडचण कशी सुरू झाली

दिवाळीच्या सुमारास जिभेच्या उजव्या कडेला एक जखम झाली. त्याच बाजूची एक दाढ तुटून टोकदार झालेली होती आणि जीभ तिच्यावर घासायची, त्यामुळे जखमेचं कारण सगळ्यांना समोरच दिसत होतं. मेडिकलवाल्याने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचं जेल दिलं. चार दिवस बरं वाटलं मग परत तेच. मग गावातले डॉक्टर, परत गोळ्या, उष्णता झालीय, तिखट बंद करा. असा महिना-दीड महिना गेला.

मग दातांच्या डॉक्टरकडे गेले, तेही जखमेसाठी नाही, दाढ टोचते म्हणून. या डॉक्टरांनी खरं तर बरोबर काम केलं. दाढेचं टोक घासून गुळगुळीत केलं, बोटाने जखम चाचपून बघितली आणि सांगितलं की आता टोचायचं कारण गेलंय, पंधरा दिवसांत जखम भरली तर ठीक, नाही भरली तर तुकडा तपासायला लागेल. चिठ्ठीवर तसं लिहून पण दिलं. तोंडात दोन-तीन आठवड्यात न भरणारी जखम असली की तुकडा तपासायचा, नियम एवढाच आहे.

पंधरा दिवसांनी जखम होती तशीच होती, उलट कडा जरा टणक झालेल्या. भाऊ गेले नाहीत.

पहिला निर्णय : न जाण्याचा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. बाहेरून बघणारा म्हणेल अडाणीपणा. तसं नव्हतं. भाऊंना कॅन्सरची शंका होती. तंबाखूच्या पुडीवरचं ते चित्र ते रोज बघत होते, चुलत्याचा जबडा काढलेला त्यांनी लहानपणी बघितला होता. वर्षभराने त्यांनी स्वतः मला सांगितलं, मला माहितीच होतं रे, फक्त मला वाटायचं तिथे गेलो की जीभ काढतील. आणि जीभ गेल्यावर मी बाजारात करू काय?

म्हणजे मरणाची भीती होतीच, पण तिच्याही पुढे भीती होती ती मुकं होण्याची. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. दातांच्या डॉक्टरला विचारलं नाही की समजा कॅन्सर निघाला तर जिभेचं काय करतात. डॉक्टरांनीही सांगितलं नाही, त्यांचा तो विषयच नव्हता. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली, मग कपाटात.

त्यात भर लोकांची. सुई लावली की पसरतो, चिरलं की उठतो, हे बाजारात दहा जणांनी ऐकवलं. एकाने कुठल्याशा गावचा झाडपाल्याचा पत्ता दिला. तिथली पावडर दोन महिने चालली. महाग नव्हती, त्रासही झाला नाही, फक्त ते दोन महिने गेले. (सुईने पसरतो याबद्दल पुढे ईएनटी डॉक्टर बोलले ते असं : तुकडा घेतल्याने पसरत नाही, तुकडा न घेता बसल्याने पसरतो, आणि लोक तुकडा घेईपर्यंत इतका उशीर करतात की नंतर जे वाढलेलं दिसतं त्याचं खापर सुईवर फुटतं.)

निदान

मार्चमध्ये उजवा कान ठणकायला लागला. रात्री झोप नाही. कानासाठी मात्र भाऊ लगेच तालुक्याच्या ईएनटीकडे गेले, कारण कानाला ते घाबरत नव्हते. डॉक्टरांनी कान बघितला, पडदा स्वच्छ, काही नाही. आणि मग म्हणाले, जीभ बाहेर काढा. जिभेची आणि कानाची दुखरी नस एकाच मोठ्या नसेच्या फांद्या आहेत, त्यामुळे जिभेतलं दुखणं कानात जाणवू शकतं. कान चांगला असून एका बाजूचा दुखत असेल तर तोंड आणि घसा बघायचाच, हे त्यांच्याकडे ठरलेलं असतं.

तिथेच भूल देऊन जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा घेतला. चार-पाच दिवसांनी रिपोर्ट : स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड. म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर.

रिपोर्ट आणायला धाकटा भाऊ गेला आणि त्याने डॉक्टरांना पहिली गोष्ट ही सांगितली की दादाला सांगू नका, तो खचेल. आपल्याकडे हे घराघरात होतं. डॉक्टर तयार झाले नाहीत, म्हणाले उपचार त्याच्यावर करायचे तर सही त्याची लागणार आणि सहकार्य पण त्याचंच लागणार. घरात दोन दिवस यावर वाद. तोवर रिपोर्ट टीव्हीच्या मागे लपवलेला मुलीला सापडला आणि बारावी सायन्सच्या पोरीला कार्सिनोमा म्हणजे काय ते कळतं. तिने वडिलांना सरळ सांगितलं. धाकट्याला अजून वाटतं की तिने घाई केली. मला वाटतं त्या घरात त्या आठवड्यात सगळ्यात शहाणं कोण वागलं असेल तर ती.

एमआरआय नाशिकला केला, स्वतःच्या पैशाने. गाठ २.६ सेंटीमीटर, खोली साधारण ८ मिलिमीटर, मानेत संशयास्पद गाठी नाहीत. म्हणजे टी-२ (जिभेतली गाठ किती मोठी ते), एन-झिरो (मानेत काही नाही), दुसरी स्टेज. खोलीचा आकडा का महत्त्वाचा तर जिभेच्या कॅन्सरमध्ये गाठ वरून किती दिसते त्यापेक्षा आत किती गेलीय यावर मानेत उतरायचा धोका जास्त ठरतो, आणि हल्ली स्टेज ठरवताना ती खोली धरतात.

समोर असलेले पर्याय

माझा संबंध इथून आला. भाऊ ज्यांच्याकडे पुकारायचे त्या शेठनी फोन केला, जरा कागदाचं बघ म्हणून. घरी गेलो तेव्हा ओट्यावर सात-आठ माणसं बसलेली आणि प्रत्येकाकडे एक पर्याय.

मेहुण्याचं म्हणणं आधी किमो द्या, गाठ विरघळेल, कापायची गरजच नाही. एका नातेवाइकाचं म्हणणं नुसता शेक (रेडिएशन) द्या, त्यांच्या ओळखीत घशाचा कॅन्सर शेकावर बरा झाला होता. धाकटा म्हणे मुंबईलाच जायचं, टाटाशिवाय कुठे हात लावायचा नाही. वहिनींचं म्हणणं नाशिकमध्ये होत असेल तर नाशिकमध्ये, कारण पोरांना टाकून त्या मुंबईत महिनोन्महिने राहू शकत नव्हत्या. आणि भाऊ गप्प.

आम्ही दोन्ही ठिकाणी दाखवायचं ठरवलं. आधी परळला टाटा मेमोरियलमध्ये. बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक सोबत घेऊन गेलो (हे लोक विसरतात, नुसता कागदी रिपोर्ट नेतात. मोठ्या हॉस्पिटलात स्लाइड परत वाचतात, म्हणून लॅबमधून स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्यायचा, तो पेशंटचा असतो). तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं ते थोडक्यात : जिभेची काढता येण्यासारखी गाठ असेल तर आधी ऑपरेशन, हाच मुख्य उपचार. किमोने गाठ लहान दिसली तरी ऑपरेशन टळत नाही, फक्त वेळ जातो. घशाचा आणि जिभेचा हिशोब एक नाही, स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये शेकाने काम भागू शकतं, जिभेच्या कडेच्या गाठीला ऑपरेशन बरं. आणि हेही की हे ऑपरेशन नाशिकला चांगल्या हाताखाली झालं तरी चालेल.

मग नाशिकच्या एका हॉस्पिटलात, जे महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होतं. इथल्या सर्जनने तोच प्लॅन सांगितला. दोन ठिकाणी एकच उत्तर आल्यावर ओट्यावरचे सात-आठ पर्याय आपोआप गळाले.

नाशिक निवडलं त्याचं कारण शेक. ऑपरेशननंतर शेक लागला तर आठवड्यातून पाच दिवस असा सहा आठवडे चालतो. ऑपरेशनला मुंबईत आठ-दहा दिवस काढता येतात, पण त्यानंतर दीड महिना राहायचं म्हणजे खोली, सोबतचा माणूस, जेवण. रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, धर्मशाळाही आहेत, पण वहिनी घरी आणि भाऊ मुंबईत हे गणित त्या घरात बसत नव्हतं. ज्यांच्या जिल्ह्यात शेकाचं मशीनच नाही त्यांचं उत्तर वेगळं येईल.

जिभेचा प्रश्न शेवटी विचारला

सर्जनच्या केबिनमध्ये सगळं बोलून झालं, कन्सेंट फॉर्म समोर, आणि भाऊ सही करेनात. मी विचारलं काही शंका आहे का. तेव्हा पहिल्यांदा बोलले. साहेब, मी लिलाव पुकारतो.

सर्जनने फॉर्म बाजूला ठेवला. केसपेपरच्या मागच्या बाजूला जीभ काढली, उजव्या कडेला गाठ दाखवली, तिच्याभोवती एक सेंटीमीटरची रेघ मारली. म्हणाले, एवढं जाणार, साधारण एक तृतीयांश. टोक राहणार. डावी बाजू पूर्ण राहणार. जिभेचं मूळ राहणार. सुरुवातीला बोबडं बोलाल, स आणि श घसरतील, र, ट, ळ जड जातील. मग व्यायामाने बरंच परत येतं. समोरच्याला कळेल असं बोलाल हे मी सांगू शकतो, लिलाव पुकाराल का ते तुम्ही मला सहा महिन्यांनी सांगा.

हातावरचं कातडं लावायचं का यावर पण बोलणं झालं. अर्धी किंवा त्याहून जास्त जीभ काढली तर मनगटाजवळचं कातडं रक्तवाहिनीसकट घेऊन तिथे जोडतात. एक तृतीयांशाला उरलेली जीभच शिवली तर ती चांगली हलते, उलट कातड्याचा गोळा नुसता पडून राहतो, असं त्यांचं मत. ऑपरेशनच्या वेळी जास्त काढायला लागलं तर मात्र लावू, असं ठरलं.

भाऊंनी सही केली. बाहेर आल्यावर म्हणाले, हे एवढंच होतं तर मी डिसेंबरमध्येच आलो असतो. अर्थात डिसेंबरमध्ये गाठ याहून लहान होती, म्हणजे गेलेला तुकडाही लहान असता. हे मी त्यांना बोललो नाही, त्यांना ते कळत होतं.

मान उघडायची की नाही

दुसरा अडकलेला मुद्दा मान, म्हणजे कॅन्सर जिथे आधी उतरतो त्या मानेतल्या लसीका ग्रंथी जिभेसोबतच काढायच्या का. एमआरआयमध्ये मान स्वच्छ, हाताला गाठ लागत नाही, मग चांगल्या मानेवर एवढा चिरा कशाला, असं धाकट्याचं म्हणणं. गैर नव्हतं. पूर्वी डॉक्टरांमध्येही यावर दोन तट होते, काही जण जिभेची गाठ काढून मानेवर लक्ष ठेवायचे आणि गाठ आली तर मग मान करायचे.

याचं उत्तर टाटा मेमोरियलमध्येच निघालंय. डॉ. अनिल डीक्रूझ आणि त्यांच्या टीमने ५९६ पेशंट घेऊन अभ्यास केला, तोंडाचा सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर, मानेत गाठ नाही. अर्ध्यांची मान गाठीसोबतच साफ केली, अर्ध्यांची गाठ आल्यावर. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. तीन वर्षांनी आधी मान केलेल्यांपैकी ८० टक्के हयात, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे आठ जणांची मान आधी साफ केली तर एक जीव वाचतो. सर्जनने हे आकडे सांगितले आणि म्हणाले, तुम्ही त्या आठातले कितवे ते मला ऑपरेशनआधी कळू शकत नाही.

पुढे रिपोर्टमध्ये निघालं ते असं : मानेतून काढलेल्या २८ गाठींपैकी (म्हणजे लसीका ग्रंथी, त्या सगळ्यांनाच असतात) एकीत कॅन्सर. एमआरआयला न दिसलेली.

ऑपरेशन आणि त्यानंतरचे दिवस

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. उजव्या बाजूची जीभ, उजवी मान, आणि सोबत तीन खराब दाढा. दाढांचं कारण असं की शेक दिलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून येत नाही, सडू शकतं, म्हणून जे दात टिकणार नाहीत ते शेकाच्या आधीच काढायचे. हे दातांच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय शेक सुरू करू नका, इथे बरेच पेशंट फसतात.

नाकातून नळी आठ-नऊ दिवस. वहिनी नळीतून पातळ नाचणीची पेज, वरणाचं पाणी, दूध असं दर दोन-अडीच तासांनी द्यायच्या आणि वहीत वेळ लिहून ठेवायच्या. आहाराच्या मॅडमनी त्यात अंड्याचा पांढरा भाग आणि प्रोटीन पावडर वाढवून दिली. माळकरी घर, अंड्यावर सासूबाईंनी नाक मुरडलं, पण दिलं.

रिपोर्टने स्टेज दुसरीची तिसरी झाली. कडा स्वच्छ, मानेतल्या गाठीच्या बाहेर फुटलेलं नाही, पण मानेतली एक गाठ पॉझिटिव्ह आणि जिभेतल्या नसेभोवती कॅन्सरच्या पेशी दिसलेल्या. म्हणून शेक लागणार, किमो नाही. शेकासोबत किमो मुख्यतः तेव्हा देतात जेव्हा कडेला कॅन्सर राहिलाय किंवा मानेतल्या गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय. स्टेज वाढली हे ऐकून घर पुन्हा कोसळलं, ऑपरेशनमुळेच वाढली असं पण कोणीतरी बोललं. वाढली नव्हती, ती गाठ आधीपासूनच तिथे होती, फक्त आता दिसली.

पैशाचं थोडं. ऑपरेशन आणि शेक दोन्ही योजनेत झाले. रेशनकार्ड, आधार आणि हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून मंजुरी, एवढं लागलं. पण आधीचा एमआरआय, बायोप्सी, मुंबईच्या फेऱ्या, नंतरची खोली आणि बुडालेली रोजी हे खिशातून. शेठनी उचल दिली, तरी वहिनींची एक पोत मोडली.

शेक

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवा असं सांगितलेलं, पाचव्या आठवड्यात झाला. ३० दिवसांचा, एकूण ६० ग्रे (शेकाचा डोस मोजायचं माप). चेहऱ्याचा आणि मानेचा जाळीदार मास्क बनवतात आणि रोज तो टेबलाला आवळून बसवतात, डोकं हलू नये म्हणून. भाऊंना शेकापेक्षा मास्कची भीती जास्त वाटायची. टेक्निशियन पोरगा चांगला होता, रोज सांगायचा हात वर केला की लगेच थांबवतो, एकदाही हात वर केला नाही पण ते ऐकून बरं वाटायचं म्हणे.

पहिले दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघालं. चव पूर्ण गेली, थुंकी घट्ट दोरीसारखी, पाणी गिळताना डोळ्यात पाणी. मीठ-सोड्याच्या गुळण्या, जेवणाआधी बधिर करणारं औषध, दुखण्याला आधी साध्या आणि मग मॉर्फिनच्या गोळ्या. मॉर्फिनचं नाव ऐकून घरात घबराट, व्यसन लागेल, शेवटचं औषध आहे वगैरे. डॉक्टरांनी सांगितलं हे गिळता यावं म्हणून आहे, शेक संपला की हळूहळू बंद होईल. झालंही तसंच.

चौथ्या आठवड्यात भाऊ म्हणाले बस. वजन ७२ वरून ६३ वर. बाजारात उन्हाळ कांदा जोरात, शेठकडे दुसरा पोरगा पुकारायला लागला होता, ते डोक्यात. आठ दिवस सुट्टी घेतो, अंगात ताकद आली की उरलेला घेतो, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. रेडिएशनच्या मॅडमनी समजावलं की मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो आणि फायदा कमी होतो, डोस नंतर भरून काढला तरी. मग पुन्हा नळी घालायचा पर्याय दिला, खाण्याचा त्रास नळीवर टाका आणि शेक चालू ठेवा. नळीला भाऊ आधी नाही म्हणाले, एक रात्र गेली, सकाळी स्वतःच घाला म्हणाले. मध्ये ताप आला म्हणून दोन दिवस चुकले, बाकी जूनअखेर पूर्ण झाला.

या टप्प्यावर जे लोक सोडतात ते बहुतेक दुखण्याने नाही, खाता येत नाही म्हणून सोडतात असं मी बघितलंय. नळीची लाज वाटते. बाजारात कोणी बघेल.

आवाज

स्पीच थेरपिस्ट हॉस्पिटलात आठवड्यातून दोनदा यायच्या. आधी त्यांनी छापील शब्दांचा कागद दिला, भाऊंनी तो दोन दिवसांत गुंडाळून ठेवला. मग मुलीने डोकं लावलं. पप्पांना भावच बोलायला लावा म्हणाली. थेरपिस्ट मॅडमना ते एकदम पटलं. मग रोज संध्याकाळी ओट्यावर, अकराशे, अकराशे दहा, अकराशे वीस, बाराशे, असं सतराशेपर्यंत आणि परत. बाराशे-तेराशेमध्ये र आणि श दोन्ही लागतात. सोबत तोंड उघडायचा व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. शेकाने जबडा आखडतो, तो आखडू द्यायचा नाही.

दिवाळीला, म्हणजे जखम दिसल्यानंतर एक वर्षाने, भाऊ बाजारात गेले. पुकारून बघितलं. चार ट्रॉल्या जमल्या, मग तोंड कोरडं पडलं आणि शब्द घसरायला लागले. लाळेच्या ग्रंथींना शेक लागलेला, पाण्याची बाटली कायम हातात. सबंध सकाळ पुकारणं होणार नाही हे त्यांनी स्वतःच शेठना सांगितलं.

सध्याची स्थिती

उपचार संपून दोन वर्षं उलटलीत. कॅन्सर परत आलेला नाही. जिभेचा बहुतेक वेळा परत येतो तो पहिल्या दोन वर्षांत, म्हणून तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी दाखवायला जायचं होतं, आता अंतर वाढवलंय. दरवेळी सर्जन बोटाने जीभ आणि मान चाचपतात, तेच मुख्य, दरवेळी स्कॅन लागत नाही. भाऊंना मात्र तारखेच्या आदल्या दोन रात्री झोप येत नाही.

उजवा खांदा दुखतो आणि हात डोक्याच्या वर नीट जात नाही. मानेच्या ऑपरेशनमध्ये खांद्याची नस वाचवली होती तरी ती ओढली जाते. गेल्या वर्षी थकवा, अंगावर सूज, थंडी सहन न होणं असं सुरू झालं. सगळ्यांना वाटलं परत आलाय. निघालं थायरॉईड. मानेला शेक दिल्यावर काही महिन्यांनी-वर्षांनी थायरॉईड मंदावू शकते, म्हणून सहा-बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासायचा असतो. रोज एक गोळी चालू झाली, महिन्या-दीड महिन्यात माणूस ताळ्यावर.

काम बदललं. सकाळचा पहिला थोडा वेळ पुकारतात, मग काट्यावर बसतात, वजन आणि हिशोबपट्टी. पैसे आधीपेक्षा कमी. पहिल्यांदा बोलणारा माणूस समजून घ्यायला जरा अडखळतो, ओळखीच्यांना काही वाटत नाही. फोनवर अजून त्रास होतो.

तंबाखू ऑपरेशनच्या दिवसापासून बंद होती, मध्ये एकदा बाजारातल्या कोणीतरी हातावर ठेवली आणि घेतली. मुलीला वासाने कळलं. तिने १८००-११-२३५६ या सरकारी हेल्पलाइनला फोन लावून फोन वडिलांच्या हातात दिला. तोंडात एकदा कॅन्सर झाला की दुसऱ्या जागी नवा होण्याचा धोका असतो, तंबाखू चालू राहिली तर जास्तच. सध्या बंद आहे. आजूबाजूला सगळे मळत असताना बंद ठेवणं काय असतं ते बाजारात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

बायोप्सीची चिठ्ठी देताना दातांच्या डॉक्टरकडे दोन मिनिटं जास्त हवी होती. काय निघू शकतं हे सांगण्यापेक्षा, निघालं तर साधारण किती काढतात आणि माणूस नंतर बोलतो-खातो का, हे. आणि एक फोन, पंधरा दिवसांनी, आला का नाही विचारायला. तालुक्याच्या दवाखान्यात असा फोन करायला माणूस नसतो हे मान्य, पण आशाताई गावात असतात, त्यांना निरोप जाऊ शकतो.

एमआरआय योजनेतल्या हॉस्पिटलात आधी नाव नोंदवून मग केला असता तर कदाचित तो खर्च वाचला असता. घाईत आपण आधी टेस्ट करतो आणि मग हॉस्पिटल शोधतो. क्रम उलटा पाहिजे.

स्पीच थेरपिस्ट ऑपरेशनच्या आधी भेटायला हव्या होत्या. आधीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला असता, व्यायाम आधीच शिकवले असते, आणि भाऊंची अर्धी भीती तिथेच गेली असती. खांद्याचा व्यायाम सुद्धा शेक संपल्यावर सुरू झाला, तो जखम भरली की लगेच व्हायला हवा होता. फिजिओथेरपिस्टनेही तेच सांगितलं, आता जेवढा हात वर जातो तेवढाच जाईल.

टीएसएचचं डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं. कोणी वाचलं नाही, मी पण नाही, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटात. आता मी ज्यांची कागदं लावतो त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवतो : पुढची तारीख, टीएसएच कधी, दात दाखवायचे कधी, आणि कुठलं लक्षण आलं तर तारखेची वाट न बघता जायचं.

मेहुण्याच्या तोंडात डाव्या गालाला पांढरा चट्टा आहे, भाऊंनीच बघितला. त्याला ते स्वतः गेल्या आठवड्यात त्याच ईएनटीकडे घेऊन गेले. तुकडा घेतलाय, रिपोर्ट यायचाय. मेहुणा अजून म्हणतोच आहे की काही नाही, दाढ लागलीय.